पावती वसुलीसाठी फाडली, तरी पाय ब्रेकवर जातोच

एकच मेसेज मला चार जणांकडून आला. त्याचं सार असं: ‘वाहतुकीचा दंड म्हणजे निव्वळ तिजोरीभरती. त्याने अपघात कमी होत नाहीत. वेग दहा-पंधराने वाढला तर कुणाचं काय बिघडतं? आणि पावती फाटली की माणूस चार दिवस जपून चालवतो, मग ये रे माझ्या मागल्या.’

तिजोरीचा मुद्दा आधी घेतो, कारण हा आरोप अगदीच खोटा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मॅकोव्स्की आणि स्ट्रॅटमन या अर्थतज्ज्ञांना दिसलं की गावाची तिजोरी आटली की तिथले पोलीस जास्त दंड करतात, परगावच्या चालकांना तर अधिकच. मेसेजवाले इथे टाळ्या वाजवतील. पण याच दोघांनी २०११ साली पुढची गोष्ट मांडली: अशा पैशांच्या ओढीने पावत्या वाढल्या, तेव्हाही अपघात आणि जखमी घटले. पावती फाडणाऱ्याच्या मनात काय होतं, याच्याशी चालकाच्या पायाला देणंघेणं नसतं. वसुलीचा राग जरूर यावा, पण तो हिशेब वेगळा.

‘अपघात कमी होत नाहीत’ याची उलट बाजू ओरेगॉन राज्यात दिसली. २००३ मध्ये पैशांअभावी तिथल्या राज्य पोलिसांना रस्त्यावरचे सुमारे ३५ टक्के कर्मचारी एका झटक्यात कमी करावे लागले. पावत्या घटल्या आणि महामार्गांवरचे मृत्यू आणि जखमी वाढले.

आता दहा-पंधराचा प्रश्न. समोर अचानक मूल आलं. भानावर यायला एक सेकंद, रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी साधारण २८ मीटरमध्ये थांबते. ती जिथे थांबली, त्याच जागेवरून ताशी ६५ ने येणारी गाडी पुढे जाते तेव्हा तिचा वेग किती उरलेला असतो? १५ नव्हे, जवळपास ५०! कारण पहिल्या सेकंदातच ती १८ मीटर पुढे आलेली असते आणि तिच्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढून जवळजवळ १.७ पट झालेली असते. कुणाचं काय बिघडतं ते त्या मुलाच्या जागी उभं राहून विचारावं.

राहिला ‘चार दिवसांचा’ मुद्दा. हे वाक्य मेसेजमध्ये सगळ्यात खरं आहे, निष्कर्ष मात्र उलटा. कॅनडातल्या ऑन्टारियोमधला अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दंड झाल्यानंतरच्या महिन्यात त्या चालकाचा जीवघेण्या अपघातात सापडण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता. तीन-चार महिन्यांत हा फरक जवळपास पुसला गेला. म्हणजे चार दिवस नव्हे, महिनाभर तरी. आणि परिणाम ओसरत असेल, तर वर्षातून एकदा नशिबाने बसणाऱ्या जबर दंडापेक्षा छोटा पण हमखास बसणारा दंड बरा.

अर्थात एका जागचा कॅमेरा लोकांना पाठ होतो; तेवढ्यापुरता ब्रेक, पुढे पुन्हा सुसाट. म्हणून काही देशांत दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर कापायला किती वेळ लागला, त्यावरून सरासरी वेग काढतात. तिथे फक्त मधे थांबून वेळ काढणारा सुटतो. आणि थांबायला वेळ होता, तर मग त्याला घाई कसली होती?