हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या

आज ग्रुपवर कुणीतरी डब्लिनमधल्या दुकानातल्या प्लास्टिकच्या बॅन्शीचा, म्हणजे आयरिश लोककथांतल्या मरणाची चाहूल देणाऱ्या बाईचा, व्हिडिओ टाकला. बटण दाबलं की किंचाळते. खाली शेरा: "गोरेही आपल्याइतकेच अंधश्रद्धाळू!" त्याखाली हसण्याच्या इमोजींची रांग. डोकंच फिरलं.

अरे, बॅन्शी कुणाला मारत नाही. ती रडते. आडनावाआधी 'ओ' किंवा 'मॅक' लावणाऱ्या जुन्या आयरिश घराण्यांतलं कुणी जाणार असलं की आधी ती रडते. माणूस अमेरिकेत मरणार असला तरी ही गावातल्या घरापाशी रडते म्हणतात. यात भुताटकी किती आणि माया किती, तुम्हीच बघा.

आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात राहायचो तेव्हा शेजारी एक म्हातारबुवा होते. गुडघे पार गेलेले. एकदा दुकानाकडे निघालो असताना समोरून अंत्ययात्रा आली. बुवांनी टोपी काढली, छातीवर क्रॉसची खूण केली आणि चक्क उलटे फिरून तिच्याबरोबर चालू लागले. तीन पावलं. मग परत दुकानाच्या वाटेला. "ओळखीचं कुणी?" "नाही." विषय संपला! त्यांना ती दयेची तीन पावलं म्हणतात.

रात्री ओसाड रस्त्यावर भुतांची अंत्ययात्रा दिसते आणि पुढे त्याच वाटेने खरी निघते, अशा कहाण्या 1937 ते 1939मध्ये तिथल्या शाळकरी पोरांनी म्हाताऱ्यांकडून ऐकून वह्यांत उतरवल्यात. त्या कहाण्यांत ती यात्रा बघणारे सगळेच काही घाबरून पळत नाहीत. एखादा पुढे होऊन खांदाही देतो. भुतांना!

हसायचंच तर यावर हसा: शेवटी पुरलेल्याला पुढचा येईपर्यंत दफनभूमीची राखण करावी लागते, अशी तिथली जुनी समजूत. म्हणून पूर्वी एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या की आधी पोचायला धावाधाव व्हायची, प्रसंगी हाणामारी.

बॅन्शीचा तो रडण्याचा आवाज बऱ्याचदा गव्हाणी घुबडाचा असणार, मान्य. आजारी माणसाने धसका घेतला तर वाईटच, तेही मान्य. पण बुवांच्या तीन पावलांनी कुणाचं काय बिघडलं? त्या गुडघ्यांनी, अनोळखी माणसासाठी!

असो. चिडून लिहायला बसलो आणि बुवांवरच अडकलो.

पुढे बुवा गेले. घरात उघडी शवपेटी, आरशावर चादर, घड्याळ थांबवलेलं, आणि स्वयंपाकघरात चहा-सँडविच आणि बुवांच्याच किश्श्यांवर खो-खो हसणं. दुसऱ्या दिवशी दुकानदारांनी शटर ओढली. मी तीन पावलं कसली, दफनभूमीपर्यंत चालत गेलो.

"तू तर विवेकवादी ना रे?" असं तेव्हा एका मित्राने फोनवर विचारलं होतं. आहे ना, अजूनही आहे. घुबडाचं वर लिहिलंय की.