आयुष्मान कार्ड सांभाळायचंय? मग एवढं कराच

सत्तरी पार केली ना, मग कार्ड काढाच, वर्षाला 5 लाखांपर्यंतचा इलाज फुकट, उत्पन्नाची अटसुद्धा नाही. आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात सकाळी पोहे-जलेबीला जमणारी मंडळी हल्ली शुगरचे आकडे सोडून कार्डावरच बोलतात.

फॉर्मवर मोबाईल नंबर कोणता द्यायचा याचा घोळ घालू नका, सरळ दहा वेळा नऊ लिहून मोकळे व्हा. हसू नका हो, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या रिपोर्टात आहे, त्या एका नंबरवर साडेसात लाखांच्या जवळपास लाभार्थी निघाले, एवढं मोठं खटलं होळकरांच्या वाड्यातसुद्धा नांदलं नसेल. यावर आरोग्य मंत्रालयाचं म्हणणं असं की पात्रता तपासायला मोबाईल नंबर लागतच नाही. छान, मग आमच्या काकूंना ओटीपी येईना म्हणून तीन चकरा कशाला मारायला लावल्या देव जाणे.

दवाखान्यात गेल्यावर डिस्चार्जचा कागद मुळीच वाचायचा नाही, दाखवतील तिथे सही ठोकायची. पाय मुरगळला म्हणून गेलात आणि कागदावर गुडघा बदललेला निघाला तर उगाच मनाला लागतं. कार्ड असूनही वरून पैसे मागितले तर गपचूप द्या, योजनेच्या 14555 हेल्पलाइनवर फोन तर चुकूनही करू नका, तिथे तक्रार लिहून घेतात म्हणे. आणि फोनवर कोणी गोड बोलून ओटीपी मागितला की लगेच सांगा, बिचारा एवढ्या उन्हात काम करतोय.

पण खरी सेफ्टी हवी असेल तर मरण्याला पर्याय नाही. त्याच रिपोर्टात आहे, सिस्टीममध्ये आधीच मेलेले दाखवलेल्या 3,446 पेशंटच्या नावावर पुन्हा इलाज झाले आणि त्यांचे 6.97 कोटी रुपये दवाखान्यांना पोचतेही झाले, त्यातले 403 पेशंट तर आपल्या एमपीचेच. त्यांना कोणी अंगठा मागितल्याचं ऐकिवात नाही.

काकूंना मात्र मागितला. जन्मभर पोळ्या लाटून, भांडी घासून बोटाच्या रेषाच गेल्यात, मशीन काही केल्या ओळखेना. ऑपरेटर म्हणाला, आंटीजी कल आना. काकूंनी शांतपणे विचारलं, "मेल्यावर आले तर चालेल का रे?"

तर तो स्क्रीनवरची नजर न हटवता म्हणाला, "डेथ सर्टिफिकेट लगेगा."