नांदूरमध्यमेश्वरच्या धुरकट फोटोंबद्दल आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्याकडून लेन्स साफ करून घेऊन नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पहाटे जाऊनही फोटो मनासारखे आले नाहीत, सुट्टीची सकाळ वाया गेली, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण तुमच्या एक ताऱ्याच्या रिव्ह्यूतलं ‘1,500 रुपये घेतले आणि काच नुसती पुसून दिली’ हे वाक्य फार लागलं. एम. जी. रोडवरच्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते असे रिव्ह्यू वाचूनच. तुमची लेन्स पूर्ण खोलली होती. मधल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे होते, ते काढले. बुरशीने खाल्लेलं कोटिंग, म्हणजे भिंगावरचा चकाकी कमी करणारा पातळ थर, मात्र परत येत नाही. हलका डाग राहील, असं बिलावर लिहून दिलं होतं. लेन्स देताना मागून टॉर्च मारून काच तुम्हाला दाखवलीही होती.

रिव्ह्यूला जोडलेला बगळ्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. पिसं न् पीस स्पष्ट आहे, फोकस बरोबर आहे. फक्त जिथे काळं हवं तिथे राखाडी आलंय. सूर्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि मध्याच्या बरोबर पलीकडे, खाली उजवीकडे, एक हिरवट ठिपका. असा समोरासमोरचा ठिपका बहुतेक वेळा लेन्सच्या पुढे लावलेल्या सपाट काचेच्या फिल्टरमुळे येतो. तो फिल्टर आमच्याकडचा नाही, आणि सूर्यासमोर काढून ठेवा, हे मी काउंटरवरच सांगितलं होतं.

कोटिंग नसलेल्या काचेच्या एकेका बाजूवरून साधारण 4 टक्के उजेड परत फिरतो. कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरून उलटा निघालेला उजेडही फिल्टर पुन्हा आत ढकलतो. वर बोटांचे ठसे असतील तर तेही उजेड पसरवतात. समजा, फोटोतला पांढरा भाग 100 आणि काळा 1 आहे. दोन्हींवर सारखाच 2 इतका भटका उजेड चढला, तर 102 ला 3 होतं. शंभर पटींचा फरक 34 पटींवर आला! पांढऱ्यात काही कळत नाही, सावल्या मात्र धुऊन निघतात. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर असला तरी हे होतं, म्हणूनच कंपनी हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर सावली धरणारी कडा, देते. तुम्ही लेन्स आणलीत तेव्हा तो उलटा चढवलेला होता. सूर्य चौकटीतच असेल तर हूडही वाचवत नाही, तेव्हा जागा बदलून सूर्य पाठीशी घ्यावा लागतो.

यात आम्ही काच कशी पुसली, याचा संबंध कुठे येतो, सर?

यापुढे अशा गोष्टी आणखी नीट समजावून सांगू, बिलासोबत सूचनांचा कागद द्यायचंही चाललंय. तुम्ही लेन्स घेऊन या. दुकानासमोर उन्हात फिल्टर लावून एक आणि काढून एक फोटो घेऊ, पैसे लागणार नाहीत. फरक दिसला तर तो एक तारा तेवढा बदला, ही विनंती.