‘दुखत नाही ना, मग टेम्पररी कॅपच राहू दे’ हा सल्ला दाढ घालवतो

माझ्या मावशीने रूट कॅनॉल झाल्यावर कायमची कॅप बसवायला जाणं थांबवलंय, कारण तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. टेम्पररी आणि कायमच्या कॅपमध्ये फरक फक्त पैशांचा, दुखत नसेल तर आत काही झिरपत नाही, आणि निघालीच तर फेविक्विकने चिकटवा, असं त्यात लिहिलंय. न वाचता पुढे पाठवणाऱ्यांचा मला खरंच संताप आलाय.

सगळ्यात घातक आहे ते ‘दुखत नसेल तर’. अहो, रूट कॅनॉलमध्ये दाढेतली नसच काढून टाकतात! मग दुखणार काय? नस जिवंत असती तर कडेने पाणी शिरल्यावर निदान शिणक आली असती. इथे लाळेतले जंतू गुपचूप मुळापर्यंत उतरतात आणि कळतं ते हिरडीवर पुळी आल्यावर, नाहीतर एक्स-रेमध्ये मुळाशी काळा डाग दिसल्यावर. १९९० साली दंतसंशोधक तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या दातांवर हे तपासलं. मुळं व्यवस्थित भरली आणि दात वरून उघडे ठेवले. एका जातीचे जंतू १९ दिवसांत, दुसऱ्या जातीचे ४२ दिवसांत सुमारे निम्म्या दातांत मुळाच्या टोकापर्यंत पोचले.

टेम्पररी कॅप असलेली दाढ उघडी नसते, हे मान्य. पण ती कॅप बहुधा अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची असते. घट्ट होताना ते आक्रसतं, कडेला बारीक फट राहू शकते. खाली लावलेलं सिमेंट मुद्दामच कच्चं असतं, कारण कॅप पुढे सहज काढता यायला हवी. तेच सिमेंट लाळेत हळूहळू विरघळतं. कॅप हलत नाही म्हणून खालचं सिमेंट शाबूत आहे, असं समजू नका. तेव्हा फरक फक्त पैशांचा नाही.

फेविक्विकबद्दल तर बोलायचीही इच्छा नाही. ते ओलाव्याने क्षणात घट्ट होतं, गरम होतं आणि कॅप वाकडी बसली तर तशीच अडकते. कॅप निघाली तर डबीत ठेवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

मेसेजमध्ये अर्धंमुर्धं खरं आहे तेही सांगते. नीट बसवलेली टेम्पररी कॅप काही आठवडे काम भागवते. काही उपचारांत डॉक्टर ती मुद्दाम काही महिनेही ठेवतात, पण मधून मधून तपासून, पुन्हा चिकटवून. आणि खर्चाची तक्रारही खोटी नाही. पण झिर्कोनियाचीच, म्हणजे दाताच्या रंगाची महागडी कॅपच हवी असं कुठे आहे? मागच्या दाढेला धातूची कॅप उत्तम चालते आणि ती बरीच स्वस्त पडते. मुंबई किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन विचारा.