“बाळंतिणींवर प्रयोग” वाल्या मेसेजचं एकेक वाक्य घेऊन

चार दिवस झाले, आधी गावच्या ग्रुपवर, मग माहेरच्या, मग अंगणवाडीच्या आयांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. सगळा लाल अक्षरात. त्यात काय आहे थोडक्यात सांगते: बेळगाव जिल्ह्यात परदेशी कंपन्या गरोदर बायकांवर गुपचूप औषधांचे प्रयोग करतात, बाळंतपणात गर्भपाताची गोळी देतात, अर्ध्या बायकांना खोटी गोळी देऊन वाऱ्यावर सोडतात, संमतीच्या कागदावर सही केली की तुमचे हक्क संपले, आणि आपल्या आज्यांची दहा-दहा बाळंतपणं घरात झाली तेव्हा कुणाला काय झालं? म्हणून कळा आल्या तरी दवाखान्यात जाऊ नका.

माझ्या धाकट्या जावेला आठवा लागलाय. तिनं मोबाईल पुढं धरून विचारलं, “अक्का, मग मी काय करू?” मी डॉक्टर नाही, खानापूर तालुक्यात शाळेत शिकवते, खरं हे अभ्यास छापून आलेले आहेत आणि कुणालाही वाचता येतात, म्हणून बसून लिहितेय.

लोकांनी विश्वास का ठेवला तेही कळतं. २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या कर्नाटकातल्या बळ्ळारीला सिझेरियन झालेल्या बाळंतिणी दगावल्या, सलाईनवर संशय आला, त्या सलाईनचा वापर थांबवावा लागला. ते रिसर्च नव्हतं, रोजच्या वापरातल्या सलाईनचा विषय होता. खरं भीती एकदा बसली की माणूस सगळंच एका पिशवीत भरतो.

“गुपचूप” म्हणे. बेळगावात बाळंतपणातला रक्तस्राव टाळायच्या गोळीचा अभ्यास झाला होय की, कोण नाही म्हणतंय? केएलईच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं अमेरिकेतल्या लोकांबरोबर केला, आपल्या जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, १६२० बायका होत्या, आणि २००६ मध्ये तो लॅन्सेटमध्ये छापला, जे जगभरचे डॉक्टर वाचतात. गुपचूप करणारा असा गावभर डांगोरा पिटत नाही. आणि २००९ च्या जूनपासून तर आपल्या देशात असा कुठलाही अभ्यास आधी सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवावा लागतो, ते रजिस्टर नेटवर उघडं आहे.

आता गर्भपाताची गोळी. हे वाक्य सगळ्यात जास्त पसरलंय आणि यातच सगळ्यात मोठी गफलत आहे. गोळीचं नाव मिसोप्रोस्टॉल. मुळात पोटातल्या अल्सरसाठी निघाली, गर्भपातासाठीपण वापरतात, तेवढं खरं. खरं बेळगावच्या अभ्यासात ती कधी दिली? बाळ बाहेर आल्यावर, नाळेला चिमटा लावल्यावर. जे बाळ बाहेर येऊन रडतंय त्याचा गर्भपात कसा होणार सांगा. वार जिथं चिकटलेली असते तिथं ती सुटली की रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि गर्भाशयानं मुठीसारखं आवळून त्या बंद करायच्या असतात, ते आवळलं नाही की रक्त थांबत नाही, भरल्या दिवसात गर्भाशयाकडं मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त जात असतं म्हणजे वेळ किती कमी असतो बघा. गोळी ते आवळायला मदत करते. गोळी न मिळालेल्या १०० बायकांमागं १२ जणींना अर्धा लिटर किंवा जास्त रक्त गेलं, गोळी घेतलेल्यांत ६.४. लिटरच्या वर रक्त जाणाऱ्या तर हजारात १२ वरून २ वर आल्या. थंडी वाजते, अंग तापतं, हा त्रास होतो, तोही त्यांनी लपवला नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मला तर याचा अभिमान वाटतो, मेसेज लिहिणाऱ्याला राग का येतोय कळेना.

खोट्या गोळीचा मुद्दा मात्र मी हसून सोडणार नाही. ८०८ बायकांना खरंच नुसती दिसायला तशी गोळी दिली होती, आणि “का?” हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की तेव्हा घरी किंवा उपकेंद्रात नर्सबाईंनी गर्भाशय आवळायचं इंजेक्शन देण्याची पद्धतच नव्हती, म्हणजे एरवी जे मिळत होतं ते त्यांना मिळालं, शिवाय शेजारी शिकवलेली नर्स बसलेली. ते सगळ्यांना पटेलच असं नाही, मला स्वतःला निम्मंच पटतं. खरं दुसरी बाजू बघा. नंतर सात देशांत मोठा अभ्यास झाला, आपल्याकडं बेळगाव आणि नागपूर, एकूण २९,२७८ बायका. कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा एकच २ ग्रॅमचा डोस. आईला सेप्सिस (अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग) होणं किंवा जीव जाणं २.४ टक्क्यांवरून १.६ वर आलं. आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या वेगळ्या समितीनं आयांना फायदा दिसतोय म्हणून अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला. आणि बाळांना? काही फरक नाही, तेही २०२३ मध्ये स्पष्ट छापलं. हे “फरक नाही” कळलं ते त्याच खोट्या गोळीमुळं, नाहीतर आपण बाळासाठी म्हणून उगीच अँटिबायोटिक चारत बसलो असतो.

परदेशी कंपन्या. वरच्या दोन्ही अभ्यासांना पैसा अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा आणि गेट्स फाउंडेशनचा, औषधं जुनी, कुणीही बनवतो अशी. खरं सगळीकडं तसं नाही. कार्बेटोसिन या गर्भाशय आवळायच्या नव्या इंजेक्शनचा अभ्यास २०१८ मध्ये आला, दहा देश, भारतही त्यात, २९,६४५ बायका, त्याला पैसा औषध कंपनीचा होता, म्हणून तो जास्त बारकाईनं वाचावा हे मान्य. तरी विषय आपल्याच कामाचा आहे. त्यासाठीचं नेहमीचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, आणि पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडं लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, मग फ्रीज कसला आणि इंजेक्शनात दम कसला. हे नवीन इंजेक्शन उष्णतेत टिकतं आणि रक्त थांबवण्यात जवळजवळ ऑक्सिटोसिनच्या तोडीचं निघालं.

आज्यांचं बाळंतपण. आमच्या आजीची नऊ बाळंतपणं घरातच झाली, सुईण पलीकडच्या गल्लीतली. खरं आजीची थोरली जाऊ चौथ्या बाळंतपणात गेली, घरात तिचा फोटोसुद्धा नाही, “वार अडकली” एवढंच म्हणायचे. ज्या गेल्या त्यांच्या नातवंडांना मेसेज पाठवता येत नाही. किती रक्त गेलं विचारलं तर उत्तर काय, “दोन लुगडी भिजली.” डोळ्यांचा अंदाज किती चुकतो हे पण बेळगावातच मोजलंय. मिसोप्रोस्टॉलच्या अभ्यासासाठी एक प्लॅस्टिकची चादर केली, ब्रास-व्ही नावाची, बाळ बाहेर आलं की आईच्या खाली सरकवून कंबरेला बांधायची, पुढं नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. नुसत्या डोळ्यांनी सांगितलेलं रक्त या पिशवीपेक्षा तिसरा हिस्सा कमी भरलं. अशा रेघांच्या चादरी घेऊन २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत, जास्त रक्त दिसलं की सगळे उपाय एकदम सुरू करायचे असं करून बघितलं, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठी ऑपरेशन आणि मृत्यू हे सगळं धरून ६० टक्के कमी झालं. आणि २०१८-२० चे सरकारी आकडे: लाख जिवंत जन्मांमागं महाराष्ट्रात ३३ माता गेल्या, कर्नाटकात ६९. सीमेवरून भांडायचं तेवढं भांडूया, या आकड्यावरूनही कुणीतरी भांडा की.

सही केली की हक्क संपले, हे साफ खोटं. मधेच कधीही नाही म्हणता येतं, नाही म्हटलं म्हणून उपचार बंद करता येत नाहीत. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत, चाचणीमुळं इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई. वाचता येत नसेल तर तिसऱ्या माणसासमोर वाचून दाखवून मग अंगठा. कागदाची एक प्रत तुमच्याकडं राहते.

खरं इथं माझीच एक तक्रार आहे. माझ्या नणंदेला एका दवाखान्यात असा कागद दिला तो नुसता कानडीत. ती मराठी शाळेत शिकलेली, तिला काय कळणार? तिनं “मराठीत द्या नाहीतर वाचून सांगा” म्हटल्यावर तिथल्या बाई आधी वैतागल्या, मग अर्धा तास बसून मराठीत सांगितलं. सगळं ऐकून ती नको म्हणाली आणि घरी आली, नंतर बाळंत त्याच दवाखान्यात झाली, कुणी काही कमी केलं नाही.

परवा जावेला घेऊन तपासणीला गेले. आत शिरल्या शिरल्या तिनं नर्सबाईंना विचारलं, “रक्त मोजायची ती रेघांची पिशवी हाय काय तुमच्याकडं?” नर्सबाई म्हणाल्या, “दोनच राहिल्यात, मागवल्यात. तुला कुणी सांगितलं गं?”