दोन डावे पंख

डावे कोणते आणि उजवे कोणते, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षीही चटकन सांगता येत नाही. लहानपणी आईने ‘जेवायचा हात तो उजवा’ असा नियम घालून दिला होता आणि तो आजही उत्तम चालतो. फक्त प्रत्येक वेळी मनातल्या मनात एक घास उचलून पाहावा लागतो. रिक्षावाल्याला वळण सांगण्यापूर्वी मी मनात वरणभात कालवू लागतो आणि घास तोंडाशी येईपर्यंत रिक्षा चौक ओलांडून गेलेली असते. मागच्या सीटवरून मुलगा म्हणतो, “थांबा काका, बाबा जेवतायत.” अशा माणसाने रेडिओवर चालणारे विमान बांधायला घेऊ नये, असे विमानाच्या खोक्यावर कुठेही छापलेले नव्हते. छापले होते ते ‘नवशिक्यांसाठी’, आणि नवशिका कशातला, हे विचारायची सोय नव्हती.

खोके उघडले की विमान निघेल, अशी घरातल्यांची समजूत होती. निघाल्या त्या बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, लेझरने कापलेल्या पण कोपऱ्यांशी जेमतेम धरून राहिलेल्या फासळ्या, तारा, बिजागऱ्या आणि एका माणसाला पांघरता येईल एवढा मोठा नकाशा. बाल्सा हे लाकूड मुख्यतः इक्वेडोरहून येते आणि ते इतके मऊ असते की त्यावर नखाची खूण उठते. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते कठीण लाकडांत मोडते, कारण तिथे झाडाचे कूळ पाहतात, लाकडाचा स्वभाव पाहत नाहीत. आईने एक फळी हातावर तोलून पाहिली आणि “यापेक्षा आपला पोह्याचा पापड जड असतो,” असा शेरा मारला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचे मॉस्किटो नावाचे खरेखुरे लढाऊ विमान प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हेच लाकूड घालून बनवले होते, अशी माहिती मी पुरवली. त्यावर पत्नीने एवढेच विचारले, “ते जेवणाच्या टेबलावर बनवलं होतं का?”

प्रश्न वाटतो तितका खोचक नव्हता. विमानाचा पंख सरळ यायचा असेल तर तो पूर्णपणे सपाट पृष्ठभागावर बांधावा लागतो. पृष्ठभागाला पीळ असेल तर तोच पीळ पंखात उतरतो आणि विमान जन्मभर एका अंगाला कलते. मी पट्टी लावून पाहिली, तेव्हा बारा वर्षे ज्यावर आम्ही निश्चिंत मनाने जेवलो ते टेबल मध्यभागी चांगले सुतभर खचलेले निघाले. मग अभ्यासाचे टेबल पाहिले, दिवाण पाहिला, फरशी पाहिली. घरात एकही गोष्ट सपाट नाही, हे कळल्यावर माणसाला जरा पोरके वाटते. खरोखर सपाट असा एकच पृष्ठभाग सापडला, तो म्हणजे स्वयंपाकाचा ग्रॅनाइटचा ओटा. पण नकाशावर ठेवलेल्या काड्या जागच्या हलू नयेत म्हणून टाचण्या टोचाव्या लागतात आणि ग्रॅनाइटमध्ये टाचणी जात नाही. शेवटी एका सुताराकडून फ्लश डोअरचा तुकडा आणला, त्यावर शाळेच्या सूचनाफलकाला लावतात तसला सॉफ्टबोर्ड चिकटवला आणि ते प्रकरण दिवाणखान्यात चार महिने पसरून राहिले. पाहुण्यांना त्याच्या कडेकडेने आत यावे लागे.

पंखांचे काम मात्र मला मनापासून आवडले. नकाशावर मेणकागद पसरायचा, स्पारची, म्हणजे पंखाच्या कण्याची, लांब काडी टाचण्यांनी बसवायची, त्यावर एकेक फासळी उभी करायची आणि सांध्यावर सायनोॲक्रिलेट गोंदाचा थेंब सोडायचा. हा गोंद लाकडाला चिकटायला काही सेकंद घेतो आणि बोटांना चिकटायला तेवढेही घेत नाही. पहिल्याच संध्याकाळी माझा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना अशी चिकटली की मी अर्धा तास चिमूटभर काहीतरी कुणाला तरी देऊ पाहणाऱ्या माणसासारखा घरभर हिंडत होतो. नखांचे पॉलिश काढायच्या ॲसिटोनने सुटका झाली. रुंद फटी भरताना खायचा सोडा भुरभुरून वर या गोंदाचा थेंब टाकला तर तो तिथल्या तिथे दगडासारखा होतो, हा शोध लागल्यावर स्वयंपाकघरातला सोड्याचा डबाही दिवाणखान्यात आला. त्या आठवड्यात ढोकळा झाला नाही.

पहिला पंख तीन आठवड्यांत झाला आणि खरोखर देखणा झाला. दुसऱ्याला दोनच आठवडे लागले, कारण आता हात बसला होता. रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावून मी दोन्ही पंख टोकाला टोक लावून टेबलावर मांडले, आणि काहीतरी चुकले आहे एवढेच प्रथम जाणवले. पंखाची पुढची कड गोल असते आणि मागची निमुळती. माझ्या एका पंखाची गोल कड खिडकीकडे होती आणि दुसऱ्याची स्वयंपाकघराकडे. मी एक पंख फिरवून पाहिला, तर त्याची मुळाकडची बाजू बाहेर गेली. उलटा करून पाहिला, तर वरची फुगीर बाजू खाली आली. नकाशावर एकाच पंखाची पूर्ण आकृती असते. दुसऱ्यासाठी कागदाला तेल लावून तो पारदर्शक करायचा, पालथा घालायचा आणि मागून दिसणाऱ्या रेषांवर बांधायचे, अशी एक ओळ सूचनापत्रिकेत होती. तिच्यावर मी सोड्याचा डबा ठेवला होता. त्याच आकृतीवर मी इमानेइतबारे दोनदा काम केले होते आणि माझ्याकडे आता दोन डावे पंख होते.

मुलाने एक पंख मधोमध धरून फिरवल्यासारखे केले आणि म्हणाला, “बाबा, हे विमान नाही, हा पंखा झाला.” शास्त्रीयदृष्ट्या त्याचे बरोबर होते, आणि म्हणूनच मला राग आला.

पत्नी मात्र हसली नाही. तिने दोन्ही पंख पाहिले, नकाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला. “बाही कापताना कापड दुमडून कापतात,” ती म्हणाली, “नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. शिवणाच्या क्लासात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आम्हाला. अहो, विचारायचं तरी.” विमानाविषयी बायकोला विचारायचे असते हे मला माहीत नव्हते. तिने खोबरेल तेलाची बाटली आणली, कापसाच्या बोळ्याने नकाशावर हलक्या हाताने तेल फिरवले, आणि बघता बघता कागद काचेसारखा होऊन त्यातून रेषा पलीकडे उमटल्या. मी नव्याने बाल्सा मागवला, उरलेल्या डाव्या पंखाच्या फासळ्या गिरवून घेतल्या आणि उजवा पंख बांधला. दिवाणखान्याला पुढे दोन महिने केसांच्या तेलाचा वास येत होता. जादा डावा पंख टाकवेना. आईने “असू दे, कामाला येईल,” म्हणत तो जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. आमच्या घरात टाकून न दिलेल्या प्रत्येक वस्तूविषयी हेच म्हटले जाते.

यानंतर विमान माझे राहिले नाही. सांगाड्यावर चढवायची पॉलिस्टरची फिल्म इस्त्रीने चिकटवायची असते. आधी मंद आचेवर फक्त कडा धरायच्या आणि मग उष्णता वाढवून मधला भाग आवळून घ्यायचा. मी उत्साहाने इस्त्रीचे बटण कापसावर ठेवले आणि शेपटाला रुपयाएवढे भोक पाडले. पत्नीने इस्त्री काढून घेतली, सिल्कवर आणली, एका जुन्या रुमालात तिचा तळ गुंडाळला आणि पैठणीची घडी मोडत असल्यासारखी ती पंखावरून फिरवू लागली. फिल्मवर सुरकुत्यांचे जाळे होते. इस्त्री पुढे सरके तशी एकेक सुरकुती क्षणभर थरथरे आणि आपण कधी नव्हतोच अशी नाहीशी होई. मागे उरे तो ढोलाच्या पानासारखा ताणलेला, टिचकी मारली तर वाजणारा पंख. वरची बाजू लाल आणि खालची पिवळी ठेवली, म्हणजे आकाशात विमान सुलटे आहे की उलटे ते कळावे. डावे-उजवे कळावे म्हणून काय रंग द्यावा, असे मी विचारले. कुणी उत्तर दिले नाही.

बाकीचे लवकर उरकले. मोटर, तीन सेलची 11.1 व्होल्टची बॅटरी, पंख-शेपटाचे हलते भाग फिरवणारे सर्व्हो आणि रेडिओचे इशारे पकडणारा रिसीव्हर आत बसवले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर विमान चढवले. पत्रिकेत 1300 ग्रॅम म्हटले होते, आमचे 1460 भरले. वरचे 160 ग्रॅम हा बहुतांशी गोंद होता. पंखाच्या रुंदीचा पुढून साधारण चौथा हिस्सा सोडून तिथे दोन बोटांवर विमान तोलून धरले, तर ते आडवे राहिले पाहिजे; आमचे शेपटावर बसले. नाकात मासेमारीच्या गळाचे शिसे भरले, तेव्हा कुठे ते आईच्या दोन बोटांवर स्थिर झाले. ज्या विमानातून एक-एक ग्रॅम वाचवायला लाकूड इक्वेडोरहून आणावे, त्यातच शेवटी शिसे भरावे लागते, याविषयी आई जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

उडवायचे कुठे हा प्रश्न होताच. 2021 च्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत वाटले आहे, आणि ज्या शहरात लोहगावसारखा हवाई दलाचा तळ आहे तिथे घरामागच्या मैदानावर हौस भागवण्याचा विचार शहाण्या माणसाने करू नये. आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत, ज्यांना सगळे नाना म्हणतात. तरुणपणी एनसीसीच्या हवाई विभागात ते अशी विमाने उडवत. त्यांच्या पुतण्याची भोरकडे भातशेती आहे. भात कापून झाल्यावर खाचरे मोकळी असतात. एका रविवारी डबे घेऊन आम्ही निघालो. वाटेत नानांनी मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांची हकीकत सांगितली. 2003 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या बाल्साच्या विमानाने कॅनडाच्या किनाऱ्यावरून उड्डाण केले आणि 38 तास 52 मिनिटांत अटलांटिक महासागर ओलांडून ते आयर्लंडला उतरले. इंधनासकट त्याचे वजन पाच किलोच्या आत होते. “आणि त्या वेळी हिल सत्त्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं,” नाना म्हणाले. मला फार धीर आला. दिसत नसलेल्या माणसाला डाव्या-उजव्याची काय अडचण, हा विचार तेव्हा सुचला नाही.

शेतात पोचल्यावर मी विमान बांधावर ठेवले, त्याच्या समोर उभा राहिलो आणि हातातल्या ट्रान्समीटरची, म्हणजे रिमोटची, दांडी उजवीकडे ढकलली. दांडी उजवीकडे गेली की उजव्या पंखाचे एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, वर उचलले पाहिजे, हे मी पाठ केले होते. वर उचलले ते डावीकडचे. मी मनात एक घास घेऊन खात्री केली आणि ट्रान्समीटरमध्ये जाऊन एलेरॉनची दिशा उलटी करून टाकली. इतक्या आत्मविश्वासाने मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी केल्या आहेत. नाना काही न बोलता आले, माझा दंड धरून त्यांनी मला विमानाच्या शेपटामागे नेऊन उभे केले आणि म्हणाले, “अरे, वैमानिक आत बसतो. समोर उभा राहत नाही. आता ढकल दांडी.” ढकलली. मी दिशा पुन्हा सुलटी केली. निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कला रेडिओवर चालणारी पहिली चीज लोकांना दाखवली ती बोट होती, यामागचे शहाणपण मला त्या क्षणी उमगले. बोट चुकीच्या बाजूला वळली तरी पाण्यातच राहते.

“पहिलं उड्डाण मी करून देऊ का?” असे नानांनी दोनदा विचारले, आणि मी दोनदा नको म्हणालो. मुलाने विमान डोक्यावर धरले, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चार पावले धावला आणि सोडले. आणि ते उडाले. चार महिने ज्यावर आम्ही सोडा, खोबरेल तेल आणि इस्त्री खर्ची घातली होती ते लाल पोटाचे, नव्हे, लाल पाठीचे विमान सरळ वर चढत गेले आणि आई हवी होती असे मला वाटले. “डावीकडे घे,” नाना म्हणाले. ते मला जमले, कारण मी बोलण्यापूर्वीच मनात जेवून ठेवले होते. विमान वळले आणि आमच्याकडे तोंड करून येऊ लागले.

समोरून येणाऱ्या विमानाची बाजू आपल्या बाजूच्या उलट असते. त्याचा डावा पंख खाली झुकला होता आणि तो माझ्या उजव्या हाताला दिसत होता. नाना ओरडले, “जिकडचा पंख खाली दिसतो तिकडे दांडी!” सूचना अगदी सोपी होती, पण माझ्या दोन्ही हातांचे अंगठे दांड्यांवर होते आणि घास उचलायला हात मोकळा नव्हता. मी दांडी ढकलली. विमान आणखी झुकले. मी आणखी ढकलली. नानांनी मनातल्या मनात सेकंद मोजले होते. त्यांच्या हिशेबाने ते अकरा होते. खाचराच्या कडेला पेंढ्याचा ढीग रचलेला होता, ज्याला तिकडे उडवी म्हणतात, आणि आमचा उडवण्याचा कार्यक्रम त्या उडवीत संपला. एक पंख पेंढ्यात रुतला, त्याच्याभोवती विमानाने गर्रकन गिरकी घेतली आणि दुसरा पंख बांधावर आपटला. शेवटी तो पंखाच झाला.

आम्ही धावत गेलो. मुलाने विमान उचलून माझ्याकडे तोंड करून बांधावर ठेवले. प्रोपेलरचे एक पाते गेले होते, एक पंख शाबूत होता आणि दुसरा मुळापासून चार बोटांवर मोडून फिल्मला लोंबत होता. मी पाहिले आणि मला आनंदाने काही सुचेना. मोडलेला पंख डावा होता. घरी माळ्यावर, लुगड्यात गुंडाळलेला, फक्त फिल्म चढवायची राहिलेला डावा पंख तयार होता. “आई म्हणाली होती कामाला येईल!” मी ओरडलो. “डावाच मोडलाय! पुढच्या रविवारी पुन्हा येऊ!”

पत्नीने डब्यांची पिशवी खाली ठेवली. ती वाकली, विमान दोन्ही हातांनी उचलले आणि त्याचे नाक माझ्यापासून पलीकडे, डोंगराकडे करून पुन्हा बांधावर ठेवले.

“हं,” ती म्हणाली. “आता जेवून बघा.”