लपाल, पण बसाल कुठे?

लपण, म्हणजे पक्ष्या-प्राण्यांचे फोटो काढायला लपून बसायचा आडोसा, ज्याला आपण सगळे हाइड म्हणतो ते, ही माणसाने आपल्या मर्जीने आणि आपल्याच पैशाने भोगलेली साधी कैद असते. स्टूल चुकीचं निवडलं तर सक्तमजुरी.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पक्ष्याला लपण दिसत नाही, असं काही नसतं. चांगलं दिसतं, आणि काल ते इथे नव्हतं हेही त्याला कळतं. त्याला नको असतो तो माणसाचा आकार आणि माणसाची चुळबुळ. आकार मोडायला झाडाची पानं छापलेलं कापड लागतंच असं नाही. १९०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी लाकडी सांगाड्यावर बैलाचं कातडं चढवून पोकळ बैल केला होता आणि त्याच्या पोटात उभं राहून पक्ष्यांचे फोटो काढले होते. एकदा रिचर्ड यांना आत भोवळ आली आणि बैल त्यांच्यासकट उलटा झाला. चारी पाय वर केलेल्या त्या बैलाचा फोटो चेरी यांनी काढून ठेवला. भाऊ असावा तर असा.

आपल्या नशिबी बैल नाही, पॉप-अप तंबू आहे. पिशवीतून काढून फेकला की तीन सेकंदांत उभा. पिशवीत परत जायला मात्र तो तयार नसतो. त्याच्या भिंतींच्या कडांत पोलादी पट्टीची कडी असतात. भिंती एकावर एक ठेवून थप्पी सपाट करायची, वरची कड धरून खाली वाकवायची आणि वाकवतानाच मनगटाला पीळ द्यायचा. पीळ बरोबर बसला की मोठ्या कड्याची आपोआप तीन लहान वेटोळी होतात. नुसता जोर लावला तर पट्टीला कायमचा बाक येतो आणि मग तंबू जन्मभर एका खांद्याने कललेला राहतो. ही घडी घरी, उजेडात, निदान दहा वेळा घालून बघा. प्रत्यक्षात ती अंधारात, मुंग्या आलेल्या पायांनी आणि डास चावत असताना घालायची असते.

तंबूला चार बाजूंनी चार खिडक्या असतात आणि त्या सगळ्या उघडायचा मोह होतो. एकच उघडा. मागची उघडी राहिली की मागून उजेड येतो आणि तुमचं डोकं सावल्यांच्या खेळातल्या बाहुलीसारखं समोर उमटतं. कापड आतून काळं हवं, ते याचसाठी. लेन्सचं हूड, म्हणजे तोंडावरची काळी नळी, तेवढं बाहेर राहू द्या आणि लेन्स घड्याळाच्या तासकाट्यासारखी सावकाश फिरवा. लपण आदल्या दिवशी लावून ठेवणार असाल तर त्या भोकात काळ्या रंगाची बाटली खोचून जा. दुसऱ्या दिवशी तिथे लेन्स आली तरी पक्ष्याच्या लेखी काही बदललेलं नसतं.

तंबू नको असेल तर गोणपाट. माझं मत विचाराल तर गोणपाटच. ते चमकत नाही आणि जड असल्यामुळे फडफडतही नाही. जुन्या चादरी वाऱ्यावर हलतात, आणि हलणाऱ्या कापडाला पक्षी माणसाइतकाच बिचकतो. १.८ मीटरचे चार बांबू घ्या, ४० सेंटीमीटर जमिनीत गाडा, म्हणजे वर १.४ मीटर उरतील. १.२ मीटरचा चौक धरला तर भिंतींना ४.८ मीटर लांब कापड लागेल, उघडझापीसाठी अर्धा मीटर जास्त घ्या. छपराचा तुकडा वेगळा, आणि तो ताणून बांधा, नाहीतर मधोमध पोट सुटतं. खालच्या कडेला दुमड घालून तिच्यात खडे भरा. कापड चिमट्यांनी अडकवा, पण लाकडी. गुलाबी प्लास्टिकचे चिमटे लावून मग पक्षी येत नाही म्हणून तक्रार करू नये. एकच दोष: पावसात भिजलेलं गोणपाट उचलताना वाटतं, त्यापेक्षा बैल बरा होता.

आता स्टूल. सगळा घोळ इथे होतो. ४० सेंटीमीटर उंचीच्या स्टुलावर बसलं की मध्यम बांध्याच्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.१५ मीटरवर येतात. तंबूची खिडकी पाऊण मीटरवर शिवलेली असली की चार तास नमाजातल्या रुकूसारखे कमरेत वाकून काढावे लागतात. म्हणून तंबू घेण्याआधी घरी स्टुलावर बसा, जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप लावा आणि तो आकडा खिडकीशी ताडून बघा. चिखलात स्टुलाचे पाय एकेक करून रुततात, तेव्हा खाली प्लायवूडचा तुकडा टाका. ट्रायपॉडचा एक पाय पुढे, दोन तुमच्या दोन्ही बाजूंना. त्यात आपले दोन मिळवले की पाच पाय होतात आणि त्यातला बधिर कोणता हे बघितल्याशिवाय कळत नाही.

बसायचं किती लांब? ५०० मिलिमीटरची लेन्स आणि फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल तर ६ मीटरवर चौकटीत साधारण ४३ सेंटीमीटर रुंदी मावते. १५ सेंटीमीटरचा पक्षी म्हणजे तिचा एक तृतीयांश, पुरे झाला. पहाटे सूर्य पाठीशी ठेवलात तर लपणाची लांबलचक सावली थेट त्याच्या फांदीवर पडते, म्हणून थोडं तिरकं बसा. सस्तन प्राणी हवे असतील तर वारा त्यांच्याकडून तुमच्याकडे यायला हवा. त्यांच्या नाकापुढे कुठलंही कापड टिकत नाही. आणि घरट्यासमोर लपण लावूच नका. आईबाप बिचकून लांब राहिले की अंडी गार पडतात.

वेल्क्रोचा आवाज घरी कधी जाणवत नाही. पाणवठ्यावर तो धोतर फाटल्यासारखा येतो. बॅगेचे सगळे कप्पे आधीच उघडून ठेवा.

शेवटची युक्ती जुनी आहे. दोघांनी लपणात शिरायचं आणि एकाने निघून जायचं. बऱ्याच पक्ष्यांना एवढा हिशेब जमत नाही, ते निश्चिंत होतात. कावळ्यांपुढे याची फारशी खात्री धरू नका. बाहेर पडतानाही सोबत्याने न्यायला यायचं असतं, म्हणजे रिकाम्या झाडोऱ्यातून माणूस उगवला असं त्यांना वाटत नाही. त्याची वेळ आत शिरण्याआधी ठरवा, कारण आतून हाक मारता येत नाही. अंधार पडायच्या निदान अर्धा तास आधीची ठरवा. तंबूची घडी घालायची आहे.